साडेसहा मिलिमीटर

हल्ली दर तीन महिन्यांनी डॉक्टर माझ्या पायाच्या बोटांना टाचणी टोचतात आणि विचारतात, "मॅडम, कळतंय का?" शुगर निघाल्यापासूनचा हा नेम. मीही इमानदारीत सांगते, अंगठ्याला कळतंय, करंगळीला नाही. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, हे बधिरपण कधीपासून आहे? सतराव्या वर्षापासून, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांना पायाचं हवं होतं आणि मी सांगणार होते ते डाव्या हाताच्या चार बोटांचं. शिवाय बाहेर पंधरा पेशंट खोळंबले होते. म्हणून ते इथे लिहिते, इथे कोणी खोळंबलेलं नाही.

गिटारची तार दाबून दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. पहिल्या वर्षी कातडी सोलवटते, आग होते, मग एक दिवस काहीच होत नाही. माझा दोन वर्षांनी मोठा भाऊ मिलिंद याचा पुरेपूर फायदा घ्यायचा. आई स्टोव्हपाशी भाकऱ्या करत बसली, की हा मागून जाऊन डाव्या हाताच्या बोटांनी तव्यावरची भाकरी उलटायचा आणि म्हणायचा, "बघ आई, चटका बसत न्हाई." आई शांतपणे गरम उलथनं त्याच्या मनगटाजवळ न्यायची आणि म्हणायची, "हितं बसतोय का बघू." मग तो ओरडत बाहेर पळायचा. बाहेर म्हणजे दुसऱ्या खोलीत. रेल्वेच्या मालधक्क्यामागे आमचं दोन खोल्यांचं घर होतं. डबे जोडताना जो दणका बसायचा त्यानं मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि पावणंपै दचकले तरी आम्ही दचकत नसू. संध्याकाळी दिवा लावून आई बुद्धवंदना म्हणायची. तिची पट्टी ठरलेली असे, आजारी असली तरी खाली यायची नाही. मिलिंदनं ती पट्टी गिटारवर शोधून ठेवली होती आणि तार उतरली की तो आईच्या वंदनेवरून सूर जुळवून घ्यायचा. क्लासच्या सरांनी दिलेली सूर लावायची शिट्टी तशीच डबीत पडून असायची.

आबा, म्हणजे आमचे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा उठवतात आणि मग साच्यात रस ओततात. लाकडातलं हे काम आबांचं. घरी आले की त्यांच्या कानाच्या पाळीमागे सागवानाचा भुसा असायचा आणि आई तो ओल्या फडक्यानं पुसून काढायची. त्यांच्या खिशात दोन स्टीलच्या पट्ट्या असत. त्यांना ते स्केल म्हणत. पाचवीत असताना त्यातली एक मी न विचारता शाळेत नेली आणि भूमितीच्या सगळ्या रेघा चुकल्या. बाईंनी वहीवर लाल फुल्या मारल्या. मी घरी येऊन भोकाड पसरलं, तेव्हा आबा हसले. "अगं, ही स्केल खोटी हाय. मुद्दाम खोटी. लोखंड थंड झालं की आकसतं, शंभराला एक. म्हणून आमी लाकूड तेवढं मोठं करून ठेवतो. ह्या स्केलवरचा सेंटीमीटरच वाईच मोठा हाय. हिला श्रिंकेजची स्केल म्हंत्यात." दुसरी स्केल खरी. नमुन्याचं माप खऱ्या स्केलनं घ्यायचं, कागदावर लिहायचं आणि लाकडावर रेघ मारायची ती खोट्या स्केलनं. सव्वीस वर्षं त्यांचे हात हेच करत आले होते. त्यांचं माप चुकलं असं कंपनीत कोणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

गिटार आमच्याकडे आली ती कंपनीतला एक साहेब बदली होऊन गेला तेव्हा. सामान हलकं करायचं म्हणून त्यानं ती आबांना देऊन टाकली. घरात गिटार एक आणि आम्ही दोघं. सकाळी मिलिंद, संध्याकाळी मी. शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीच्या माडीवर सातपुते सरांचा क्लास होता. सर तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता परदेशातल्या एका मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवायचे. पहिली ग्रेड, दुसरी ग्रेड, असं आठपर्यंत. आमच्याकडे ग्रेड परीक्षा म्हटलं की लोकांना एकच ठाऊक, चित्रकलेची. मुरगूडची आत्या एकदा आली ती शेडिंगच्या पेन्सिलींचा जुडगा आणि ड्रॉइंगबोर्ड घेऊन. "पोरं ग्रेडला बसलीत म्हणालास न्हवं?" असं तिनं आबांना विचारलं. आबांनी तोंड उघडायच्या आत मिलिंद म्हणाला, "आत्या, रंगपेटी बी लागंल की." पुढच्या खेपेला बिचारीनं रंगपेटीही आणली. त्या पेन्सिली आबांनी नेल्या, लाकडावर रेघ मारायला बऱ्या पडतात म्हणून.

सातवी ग्रेड आम्ही दोघं एकदमच पास झालो आणि आठवीला बसलो. आठवीत सगळ्यांत जास्त घाम काढतात त्या स्केल्स. सुरांच्या शिड्या. खालच्या जाड तारेवरून निघायचं, तीन सप्तकं चढायची, न थांबता उतरायची, आणि परीक्षक कुठलीही विचारणार. त्यात मेलॉडिक मायनर नावाची एक आहे. ती चढते एका वाटेनं आणि उतरते दुसऱ्या. चढताना वरचे दोन सूर जरा उंच लागतात, उतरताना तेच दोन खाली येतात. माझं नेमकं तिथं घोडं अडायचं. चढले त्याच वाटेनं मी खाली यायची. मिलिंदनं मला ती त्याच्या पद्धतीनं शिकवली. क्लास सुटला की तो मोपेडवरून आबांना आणायला शिरोलीला जायचा. जाताना हायवेनं जायचा, येताना आबा मागे बसले की उचगावातून, कारण हायवेच्या ट्रकांचा आबांना भरवसा नव्हता. "हे बघ सुजे," तो म्हणाला, "जाताना हायवे, येताना उचगाव. झाली तुझी मेलॉडिक मायनर." मला ती त्या क्षणी पाठ झाली.

उसाचा हंगाम होता. त्या दिवशी आबांना जादा पाळी लागली, म्हणून मिलिंद एकटाच परत फिरला, आणि मागे आबा नसल्यामुळे येतानाही तो हायवेनंच आला. दिवेलागणीची वेळ होती. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. यापलीकडे मला त्यातलं काही ठाऊक नाही आणि मी कधी विचारलंही नाही. गिटार त्याच्या पाठीवर होती. ती बाजूच्या गवतात पडली. तिच्या पोटाला नुसते ओरखडे होते, मान तडकली होती आणि मानेवरची बोटं ठेवायची पट्टी उभी चिरली होती. एका हवालदारानं ती पिशवीसकट घरी आणून दिली. आईनं ती घेतली आणि दाराआड ठेवली, छत्री ठेवावी तशी.

मी रडले नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, माझी मलाच त्याची लाज वाटायची. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून मांडणीवरचे डबे वाचत बसायची, साखर, चहा, हुलगे. आई तर माझ्याहून पुढे. आमच्या घरी एका जेवणाला अकरा भाकऱ्या लागायच्या. आबांना तीन, मिलिंदला चार, आम्हा दोघींना दोन दोन. मिलिंदचा जलदानविधी झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्याच दिवशी पाटीत सात भाकऱ्या होत्या. नेमक्या सात. आठवी एकदाही झाली नाही. संध्याकाळची वंदनाही त्याच पट्टीत, सुरात केसाचा फरक नाही. मला आईचा राग आला. इतका राग मला त्या ट्रॉलीवाल्याचाही आला नाही. हिचा हात एकदा तरी चुकावा, एक तरी भाकरी जादा व्हावी, असं मला वाटायचं. आबा बोलायचेच बंद झाले होते. कामावर जायचे, यायचे, भिंतीला टेकून बसायचे. आई कानामागचा भुसा पुसायची आणि ते मान तेवढी वाकवायचे.

महिन्याभरानं एके दिवशी आबांनी दाराआडची गिटार उचलली आणि कामावर नेली. आठ-दहा दिवस त्यांच्या खिशात एक कागद दिसायचा, त्यावर आत्याच्या पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. मग ते गिटार घेऊन आले. मान आतून खुंटी मारून अशी सांधली होती की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. वर नवीकोरी सागवानी पट्टी. तिच्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या, ज्यांना आम्ही फ्रेट म्हणतो, त्या जुन्या पट्टीवरच्याच काढून, घासून लावल्या होत्या. आबांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. मी तारा जुळवल्या, जाड तारेवरून निघाले. खालचं सप्तक छान वाजलं. दुसऱ्यात काहीतरी खुपायला लागलं. तिसऱ्यात सूर सरळ सरळ चढे यायला लागले, वर जावं तसे आणखी चढे. फ्रेट केसभर पुढे सरकली तरी सूर चढतो, आणि या केसाकेसानं पुढे सरकत गेल्या होत्या. मी उतरून खाली आले आणि थांबले.

"बरोबर हाय न्हवं?" आबांनी विचारलं.

सव्वा महिन्यात ते आपणहून बोलले ते हे पहिलं वाक्य. मी म्हणाले, "व्हय आबा. बरोबर हाय."

परीक्षेला तीन-साडेतीन महिने होते. मी रोज त्या पट्टीवर रियाज केला. आबा घरी आले की मुद्दाम करायची, कारण ते उंबऱ्यावर बसून ऐकायचे आणि ऐकताना त्यांच्या खांद्यांचा ताठरपणा जरा सैल व्हायचा. कान कशालाही सरावतो. मला ते वरचे सूर खुपेनासे झाले. खरं सांगायचं तर मला खालचेही सूर ऐकू येत नव्हते. बोटं जात होती, येत होती, आकडे मोजल्यासारखी. बोटांच्या टोकांना तार कळत नव्हती आणि मला त्याचं बरं वाटायचं. आज कोणी मला म्हणालं की संगीतानं तुला सावरलं, तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही. संगीतबिंगीत काही नव्हतं. एक काम होतं, त्याला सुरुवात होती आणि शेवट होता, आणि शेवट झाला की पुन्हा सुरुवात करता यायची. क्लासमध्ये मात्र सरांच्या भुवया वर जायला लागल्या. "सुजाता, वरचं चढं लागतंय." मी म्हणाले, तारा जुन्या झाल्यात. त्यांनी तारा बदलल्या, तरी तेच. "आणि मेलॉडिकला उतरताना वाट बदल की गं, परत चढलीस तशीच उतराय लागलीस." उचगावची वाट माझ्याच्यानं घेववत नव्हती.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा सर एका सुट्टीच्या सकाळी आपली गिटार घेऊन घरीच आले. सरांनी आबांना मिलिंदच्या वेळी गर्दीत पाहिलं असेल तेवढंच. आबा एमआयडीसीत आहेत एवढीच त्यांना माहिती. आईनं चहा दिला. सरांनी बशीत चहा ओतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. सर मोठ्यानं बोलायचे, ऑर्केस्ट्रातली सवय.

"पोरीचा दोष न्हाई बघा. बोटं टाकोटाक पडत्यात. पण गिटारच बाद झालीया. कुठल्या येड्या मिस्त्रीनं पट्टी बसवली कुणास ठाऊक, त्याला धड मापसुद्धा घेता येत न्हाई. परीक्षेला तिला माझी गिटार न्हिऊ दे, एवढंच सांगायला आलतो."

मी चटईच्या काड्या बघत होते. आबांनी कप खाली ठेवला.

"मीच त्यो मिस्त्री," ते म्हणाले.

सरांच्या हातातली बशी तशीच राहिली. "अहो, मला काय म्हाईत..." असं काहीतरी ते पुटपुटले. आबांनी हात हलवून ते थांबवलं. "ऱ्हाऊ दे सर. कुठं चुकलंय तेवढं दावा." सरांनी आढेवेढे घेतले, मग गिटार उचलली. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून एक सूर काढला, घंटेसारखा. मग तिथल्याच बाराव्या फ्रेटवर तार दाबून दुसरा. "हे दोन्ही एक यायला पायजेत." आबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण मशिनीच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की पट्टा, हे ते सांगायचे. त्यांनी दोनदा ऐकलं. "दुसरा चढा हाय," ते म्हणाले.

"व्हय," सर म्हणाले.

आबा उठले, माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली जुनी चिरलेली पट्टी त्यांनी काढली आणि नव्या पट्टीशेजारी धरली. पहिल्या दोन-तीन फ्रेट एकमेकींना जुळत होत्या. पुढे फट पडत गेली. बाराव्यापाशी ती चांगली तीन मिलिमीटरची झाली होती. आबांनी खिशातून स्केल काढली, नव्या पट्टीला लावली, आकडा वाचला, कागदावरचा आकडा आठवला असावा, कारण ते म्हणाले, "आकडा तर त्योच हाय." मग त्यांनी हातातली स्केल उलटी केली. त्यांचा चेहरा मी बघितला. चार माणसांदेखत कोणी थोबाडीत मारावी तसा तो झाला होता.

"सर, माप बरोबर हाय. स्केल चुकली."

सर गडबडीनं म्हणाले, "न्हाई न्हाई, स्केल ती बरोबर वाजवती."

"तुमची न्हवं सर. माझी."

मग त्यांनी सरांना सगळं सांगितलं, लोखंड कसं आकसतं आणि आम्ही आधीच कसं वाढवून ठेवतो. जुनी पट्टी त्यांनी नमुना म्हणून खऱ्या स्केलनं मोजली होती आणि नव्या लाकडावर रेघा मारताना हातात सवयीनं खोटी आली होती. "लोखंडाचं काम असल्यागत केलं मी. हे लाकूड. हे कुठं आकसतंय?" आतल्या दारात आई उभी होती, हाताला पीठ लागलेलं. ती आबांकडे बघत होती. "तुमचं चुकलं?" एवढंच ती म्हणाली. त्यात दोष नव्हता. मला वाटतं, त्या चार-पाच महिन्यांत तिनं आबांकडे धड बघितलं ते तेव्हा.

आबा माझ्याकडे वळले. "तुला कळलंतं?"

"व्हय."

"पयल्याच दिवशी?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोललात म्हणून," मी म्हणाले. "पयल्यांदाच बोललात. त्यात मी चुकलंय म्हणून कसं सांगू?"

मालधक्क्यावर डबे जोडल्याचा दणका बसला, भांडी किणकिणली. सरांनी आपली गिटार माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "ही वाजीव परीक्षेला." मी हात लावणार तेवढ्यात आबांनी थांबा म्हणून हात वर केला. ते खरी स्केल घेऊन गिटारवर वाकले होते. मानेच्या टोकापासून खालच्या घोडीपर्यंत, म्हणजे पोटावर चिकटवलेल्या ज्या पट्टीला तारा बांधतात तिथपर्यंत, त्यांनी माप घेतलं. पासष्ट सेंटीमीटर. ओठ हलवून त्यांनी हिशेब केला.

"पट्टी चुकली न्हाई," ते म्हणाले. "सगळ्या काड्या सारख्याच वाढल्यात, शंभराला एक. म्हंजे ही पट्टी बरोबरच हाय, पण साडेसहा मिलिमीटर मोठ्या गिटारची. मग गिटार मोठी करूया की."

"अहो, गिटार कशी मोठी करणार?"

"घोडी मागं घ्यायची. साडेसहा मिलिमीटर."

सरांनी वाकून घोडीवर बोट फिरवलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "जमंल?" दुसऱ्या दिवशी आबा गिटार घेऊन गेले, तापवलेल्या पात्यानं घोडी अलगद सोडवली, मागे सरकवून सरसानं बसवली, चोवीस तास शिकंज्यात ठेवली. परत आली तेव्हा घोडीच्या पुढे कोऱ्या लाकडाची एक बारीक पट्टी उघडी पडली होती, पॉलिश नसलेली, घड्याळ काढल्यावर मनगटावर राहते तशी फिकी. पॉलिश मारू का, असं आबांनी विचारलं. मी नको म्हणाले. मी जाड तारेवरून निघाले, तीन सप्तकं चढले. वरचा शेवटचा सूर जिथं यायला हवा तिथं आला. आबा उंबऱ्यावर होते. या वेळी त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं.

परीक्षा पुण्याला होती. पहाटेच्या एसटीनं मी आणि आबा निघालो. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशात दोन्ही स्केल होत्या, का ते त्यांनाच ठाऊक. परीक्षक एक वयस्कर परदेशी बाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. दारातून मी आत गेले तरी मला भीती वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं. त्यांनी एकेक स्केल विचारली, मी वाजवली. चौथी विचारली ती 'जी' सुरावरची मेलॉडिक मायनर. मी चढले. पंधराव्या फ्रेटवर पोचले, आणि तिथून बोटांनी आपण होऊन वाट बदलली. वरचे ते दोन सूर खाली आले आणि मी उचगावातून घरी यावं तशी खालपर्यंत आले. शेवटच्या जाड तारेवर बोट टेकलेलं होतं आणि मला ती तार बोटाला लागली, घट्ट्यावरूनही लागली. बाईंनी काहीतरी लिहिलं. मग चष्मा काढून त्यांनी घोडीपुढच्या त्या कोऱ्या पट्टीकडे बोट केलं आणि इथे काय झालं होतं, असं विचारलं. माझं इंग्रजी बेताचं. मी सांगितलं, माझे वडील पॅटर्नमेकर आहेत. त्यांना ते कितपत कळलं कोण जाणे, पण त्या मान हलवून "आय सी" म्हणाल्या आणि पुढची स्केल विचारली. मी पास झाले. फार भारी नाही, पास. ते सर्टिफिकेट कुठल्या तरी फायलीत आहे, मागच्या घरबदलात दिसलं होतं.

बाहेर आवारात गुलमोहराखाली एक दगडी कट्टा होता. आबा तिथं बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "वाजलं?" मी म्हणाले, "वाजलं." मग त्यांनी पिशवीतून आईनं बांधून दिलेलं फडकं काढलं. गाठ सोडली. भाकऱ्या, मिरचीचा खर्डा, एका डबीत सुकट. दुपार टळून गेली होती आणि पहाटेपासून चहावर होतो. आबांनी तीन भाकऱ्या स्वतःपुढे घेतल्या, दोन मला दिल्या. फडक्यात अजून होत्या. आबांनी त्या बोटानं उलगडून बघितल्या. चार.

सुकट मला आणि आबांना आवडत नव्हतं. घरात ते एकट्या मिलिंदला आवडायचं.

आम्ही दोघं त्या फडक्याकडे बघत बसलो. पाच महिने सातची आठ न झालेल्या बाईचा हात पुण्याच्या वाटेसाठी बांधताना चुकला होता, किंवा चुकला नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही. तिला मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही. आबांनी घसा खाकरला.

"श्रिंकेज धरलंय तुझ्या आईनं," ते म्हणाले.

मला हसू आलं. आबाही हसले, हसताना त्यांचा शर्ट हलत होता, आणि हसता हसता माझं काय झालं ते मला कळलं नाही. येणारे-जाणारे बघत होते म्हणून मी खर्ड्यावर ढकललं, तिखट लागला म्हणाले. पण मी रडत होते, पाच महिन्यांत पहिल्यांदा, तोंडात भाकरीचा घास तसाच ठेवून. आबांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि स्वतः तोंड दुसरीकडे केलं. मग आम्ही जेवलो. आपापल्या भाकऱ्या संपल्यावर त्या चारही खाल्ल्या, दोन दोन वाटून घेऊन, सुकटाशी, नावडतं होतं तरी. पोटाला तडस लागली तरी एक तुकडा टाकला नाही.

घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. परीक्षा कशी झाली, हे तिनं आधी विचारलं नाही. तिनं आबांच्या हातातलं रिकामं फडकं घेतलं, दोन टोकांना धरून झटकलं आणि फडक्याकडेच बघत विचारलं,

"पुरल्या का?"

आबा चप्पल काढत होते. काढून झाल्यावर ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "मापात झाल्या."